दारासकट हेल्मेट

माझं डोकं आमच्या घरातलं सगळ्यात मोठं डोकं आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. इतकी वर्षं ते माझ्याजवळच होतं, पण मोजायची वेळ कुणावर आली नव्हती. ती आईवर आली. शिवणाच्या टेपने, भुवयांच्या जरा वरून आणि मागच्या उंचवट्यावरून फिरवून तिने ते मोजलं, टेपकडे संशयाने बघितलं, पुन्हा मोजलं, आणि मग टेपच बिघडली नाही ना हे बघायला स्वतःचं मोजलं.

"बाबांवर गेलंय," ती शेवटी म्हणाली. "त्यांनाही कधी मापाची टोपी मिळाली नाही."

बाबा जाऊन चार महिने झाले होते, आणि त्यांच्यावर गेलेल्या गोष्टींची आमच्याकडे रोज वाढ होत होती. माझं नाक, माझा हट्ट, नळ नको इतका घट्ट बंद करायची सवय. त्यात आता डोकं.

डोकं मोजायचं कारण हेल्मेट, आणि हेल्मेटचं कारण एक फोन.

बाबांनी सगळी नोकरी विमा कंपनीत केली. मोटारींच्या अपघातांचे दावे तपासायचे. दिवसभर चेपलेल्या गाड्या बघून घरी येणारा माणूस जशी गाडी चालवेल, तशी ते चालवायचे. चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. आमच्या गाडीला सायकली मागे टाकून जात. एकदा एका सायकलवाल्याने जाता जाता खिडकीत वाकून, "काका, ढकलू का?" असं विचारलं होतं. अशा माणसाने मोटार क्लबात नाव घातलं होतं, हे सांगितलं तर लोकांना चेष्टा वाटते. पण घातलं होतं. गावाबाहेर शर्यतींचा ट्रॅक आहे. अधूनमधून एखाद्या रविवारी क्लब तो साध्या माणसांना साध्या गाड्या घेऊन फिरायला देतो. शर्यत नाही, बक्षीस नाही, नुसतं फिरायचं. "समोरून कुणी येत नाही असा रस्ता मला एकदा बघायचाय," बाबा म्हणायचे. "तिथे मी कसा चालवतो, ते बघू." नंबर लागायला वर्षानुवर्षं जातात, म्हणून आम्ही तो विषय त्यांच्या निवृत्तीनंतरच्या इतर बेतांबरोबर ठेवून दिला होता.

"साहेब आहेत का?" फोनवर क्लबच्या सेक्रेटरींचा खणखणीत आवाज आला.

"नाहीत."

"कधी येतील?"

या प्रश्नाचं उत्तर मी तोवर बऱ्याच जणांना दिलं होतं, पण दर वेळी वाक्य नव्याने जुळवावं लागतं. मी ते जुळवलं. मग सेक्रेटरी अगदी कळवळून म्हणाले, "अरेरे. आणि नंबर आत्ता लागला हो त्यांचा!"

जणू बाबांनी जरा घाईच केली.

मग त्यांनी नियम सांगितला. सभासदाच्या जागी घरातलं एक माणूस चालतं. गाडी सभासदाचीच हवी. पुढच्या रविवारी आलं नाही तर नंबर रद्द, पुन्हा रांगेच्या शेपटाला. आणि हेल्मेट स्वतःचं आणायचं.

"क्लबात मिळत नाही का?"

"मिळायची. साहेबच एकदा बघायला आले होते, त्यांनी वासाबद्दल लेखी तक्रार केली. मग आम्ही ती सगळी टाकून दिली."

मी म्हणाले, "मी येते." का म्हणाले, ते विचारू नका. फोन ठेवून वळले तर आई मागे उभी होती आणि धुतलेलं पातेलं पुन्हा पुसत होती.

"जा," ती म्हणाली. "पण घरातलं एक माणूस गेलंय. हेल्मेट मी पास केलं तर जायचं, नाहीतर गाडी जागेवरून हलणार नाही. किल्ली माझ्याकडे आहे."

आई शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. तिच्या हातून पास होणं काय असतं, हे तिच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारावं. त्यांतले काही अजून रस्ता बदलतात.

मी ग्रंथालयात काम करते. आमच्यासारख्यांना कुठलीही गोष्ट आधी वाचावी लागते. पोहायलासुद्धा मी वाचून शिकले, त्यामुळे मला अजून पोहता येत नाही. तर मी हेल्मेटबद्दल वाचलं. त्यातून एवढं कळलं की स्कूटरचं हेल्मेट निराळं आणि मोटारीच्या ट्रॅकचं निराळं. मोटारीत आग लागू शकते, म्हणून आतलं अस्तर सहजासहजी पेट न घेणारं हवं. एकाच अपघातात डोकं एकाच जागी पुन्हा पुन्हा आपटू शकतं, म्हणून कवच तसं हवं. आणि दिसायला कितीही सुंदर असलं, तरी मापात नसेल तर उपयोग शून्य.

हे मी जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवत असतानाच मामा आला. मामाला सगळ्यातलं कळतं. त्याच्या बगलेत त्याचं स्कूटरचं हेल्मेट होतं.

"घे भाचेबाई," तो म्हणाला. "खरेदी रद्द. डोक्याला काय कळतंय, खाली दोन चाकं आहेत की चार?"

मी अस्तर आणि आग समजावून सांगितली.

"म्हणजे आम्ही स्कूटरवाल्यांनी जळायचं?"

"मामा, हे कधी पडलंय का?"

"चिक्कार वेळा. माळ्यावरून दोनदा. ओरखडासुद्धा नाही बघ."

"पडलेलं हेल्मेट वापरू नये. वरून दिसत नाही, पण आतला जाड थर दबतो. एकदा मार खाल्ला की ते संपलं."

मामा दुखावला. "एकदा मार खाल्ला की संपलं? मग मी आयुष्यात किती वेळा पडलोय!"

"ते दिसतंच आहे," आई म्हणाली आणि त्याच्यासमोर चहा ठेवला.

समोरच्या घरातून दातांचे डॉक्टर आले. भिंती पातळ असल्यामुळे आमच्याकडचे विषय त्यांना सुरुवातीपासून माहीत असतात. "पूर्ण तोंडाचं घ्या," ते म्हणाले. "हनुवटी उघडी ठेवणारं मुळीच घेऊ नका. मी माझ्या धंद्याविरुद्ध बोलतोय, हे लक्षात घ्या." मग त्यांनी माझा जबडा दोन्ही बाजूंनी दाबून बघितला आणि कारण नसताना एक दाढ किडली असल्याचं सांगितलं.

हेल्मेटच्या दुकानात आम्ही तिघं गेलो, मी, आई आणि मामा. दुकानदाराने पहिलं हेल्मेट काढलं त्यावर वाघ होता. दुसऱ्यावर कवटी होती. तिसऱ्यावर ज्वाळा होत्या. आग टाळण्यासाठी घेतलेल्या वस्तूवर आगीचं चित्र कशाला, असं आईने विचारलं, त्यावर तो म्हणाला, "काकू, तरुणांना आवडतं." मग माझ्याकडे बघून त्याने ज्वाळा परत ठेवल्या.

"साधं पांढरं दाखवा," मी म्हणाले.

त्याने दाखवलं. मी घातलं. "वा, आरामशीर!" तो म्हणाला. "थोडं सैल बरं असतं, वारा खेळतो."

पण मी वाचून गेले होते. हेल्मेट सैल असून चालत नाही. गाल दाबले गेले पाहिजेत, इतके की बोलताना ते आतून चावले जावेत. हेल्मेट धरून फिरवलं तर ते डोक्यावर फिरता कामा नये, कपाळाची कातडी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे. आणि पट्टा बांधल्यावर मागून उचलून ते निघतंय का, हे दुसऱ्या कुणीतरी बघायला हवं.

दुसरं कुणीतरी तयारच होतं. आईने पर्स मामाच्या हातात दिली, दोन्ही हातांनी हेल्मेट धरलं आणि फिरवलं. पहिलं हेल्मेट फिरलं, मी जागेवर राहिले, नापास. दुसऱ्यात माझा कान दुमडला, आणि तो सरळ करायला मामाने आत बोट घातलं ते बोटच अडकलं, नापास. तिसऱ्यात चष्मा बसेना. मग दुकानदाराने शिकवलं, आधी चष्मा काढायचा, मग हेल्मेट घालायचं, मग काड्या बाजूंनी आत सरकवायच्या. या क्रमात मध्ये काही काळ मी आंधळी असे, आणि त्या काळात मी एका अनोळखी गृहस्थाला "आई, जरा ओढ ना" असं म्हणाले. त्यांनी ओढलं. माणसं चांगली असतात.

चौथं हेल्मेट आईने फिरवलं आणि मी अख्खी फिरले. तिने मागून उचललं, तर मी चवड्यांवर आले. तिने मला त्या हेल्मेटने दुकानभर फिरवलं, काउंटरपासून आरशापर्यंत.

"काकू, मान तुटेल त्यांची!" दुकानदार ओरडला.

"तेच बघतेय," आई म्हणाली. मग समोर येऊन तिने काच वर केली. "श्वास?"

"येतोय."

"बोल काहीतरी."

मी बोलले. दोन्ही गाल चावले गेले.

"बरं आहे," आई म्हणाली. "पण पास नाही. आता घरी."

आमच्या घरचा हा रिवाज आहे. नवी वस्तू घरात वापरून बघितल्याशिवाय बाहेर काढायची नाही. नवे बूट घालून आम्ही पलंगावर बसतो. नवी छत्री उघडून दिवाणखान्यात फिरतो. आणि हेल्मेटच्या बाबतीत वाचलेलंही तेच सांगत होतं: दुकानात जे मऊ वाटतं, ते अर्ध्या तासाने कपाळावर एका जागी टोचायला लागतं. म्हणून अर्धा तास घालून बसायचं. मी पट्टा दोन कड्यांतून ओवून आवळला, हातात वर्तमानपत्र घेतलं आणि बाबांच्या खुर्चीत बसले. आईने घड्याळ लावलं.

बेल वाजली.

दारात बाबांचे जुने साहेब आणि त्यांच्या मिसेस. मुलाकडे परगावी होते, आल्यावर कळलं, म्हणून भेटायला आले. मी उठले आणि पट्टा सोडायला गेले, पण तो घालतात कसा हे शिकले होते, काढतात कसा हे पुढच्या पानावर होतं. मी हात जोडले. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे.

"ही... मुलगी ना?"

"हो," आई म्हणाली. "बसा. तिचा अजून थोडा वेळ राहिलाय."

मिसेसनी तोंडावर पदर धरला. हळूच, म्हणजे हेल्मेटमधूनही ऐकू येईल इतक्या हळू, त्या म्हणाल्या, "दुःख कुणाला कसं होईल, सांगता येत नाही. डॉक्टरांना दाखवलंत का?"

"दाखवलं ना, समोरच्यांना. ते म्हणाले, पूर्ण तोंडाचं घ्या."

मला खुलासा करायचा होता, पण एका शब्दाला दोनदा गाल चावला जात होता, आणि जे बाहेर पडत होतं ते खुलाशासारखं वाटत नव्हतं. शेवटी साहेब बाबांबद्दल बोलू लागले. म्हणाले, "आम्ही बाकीचे चेपलेली गाडी बाहेरून बघून आकडा टाकायचो. हा मात्र आत जाऊन बसायचा. स्टिअरिंगवर हात ठेवून. काचा झाडायच्या आणि बसायचं. मी म्हणायचो, अरे, उशीर होतोय. तर म्हणायचा, बसल्याशिवाय कळत नाही साहेब, याला समोर काय दिसलं असेल."

हे मला माहीत नव्हतं.

काच खाली होती, हे एक बरं झालं. हेल्मेटच्या आत हळूहळू धुकं धरलं. आधी साहेब दिसेनासे झाले, मग मिसेस, मग सगळा दिवाणखाना. मी वर्तमानपत्र उघडून धरलं, ते उलटं होतं असं नंतर कळलं.

जाताना साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. टक असा आवाज झाला. "काळजी घे गं," ते म्हणाले.

"तेच चाललंय तिचं," आई म्हणाली.

दार लावून तिने माझा पट्टा सोडवला. "कपाळाला टोचलं कुठे?"

"नाही."

"गालांना?"

"नाही."

"मग डोळे का लाल?"

"आत हवा कमी आहे."

तिने हेल्मेट उलटसुलट करून बघितलं. वरची हवेची भोकं बंद होती, ती नखाने एकेक उघडली. "ही उघडत जा," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "पास."

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण शनिवारी सकाळी सेक्रेटरींचा फोन आला. "उद्या सगळं घेऊन या. हेल्मेटच्या आत अस्तराखाली प्रमाणपत्राचं स्टिकर असतं, त्यावर नंबर असतो. ते बघितल्याशिवाय ट्रॅकवर सोडत नाही. ते नसेल तर सोन्याचं हेल्मेट असलं तरी उपयोग नाही."

मी हेल्मेट घेतलं आणि अस्तर उचललं. आत लख्ख. बोट फिरवलं तर चिकटपणाही नाही. साबणाचा मंद वास येत होता.

"आई," मी म्हणाले. "इथे काही होतं का?"

"स्टिकर होतं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "काढलं."

आता आमच्या घरचा दुसरा रिवाज सांगायला हवा. आई नव्या वस्तूवरचं स्टिकर ठेवत नाही. भांडं असो, कंगवा असो, पंखा असो. वाफ द्यायची, नखाने कोपरा उचलायचा आणि श्वास रोखून सावकाश ओढायचं. स्टिकर अख्खं निघतं. तिला ते फाटलेलं चालत नाही, तिच्या विषयाचा अपमान वाटतो. ते निघालं की बोटाच्या टोकावर धरून ती "अहो" अशी हाक मारायची. बाबा यायचे, ते बोटावरून उचलायचे आणि त्यांच्या लाकडी कपाटाच्या दाराला आतून डिंकाने चिकटवायचे. एवढ्या मेहनतीने काढलेली वस्तू टाकून कशी द्यायची, असं त्यांचं म्हणणं. त्या दारावर आमचा सगळा संसार आहे. पहिला रेडिओ, पहिला पंखा, माझं दप्तर, इस्त्री, तिच्यानंतरची इस्त्री, छत्र्या. सगळ्यात शेवटी, खाली, एक छोटं गोल स्टिकर आहे. ते हॉस्पिटलमधून आणलेल्या सफरचंदावरचं. बाबांनी ते घरी आल्यावर लावलं होतं, पुन्हा जायच्या आधी.

"काढलंस, मग टाकलंस कुठे?" मी विचारलं.

आई हात पुसत आली. "टाकीन कशाला? निघालं, आणि सवयीने हाक मारणार होते. मग तशीच उभी राहिले बोट वर करून. मग मीच लावलं."

कपाट उघडलं. सफरचंदाच्या शेजारी, जरा तिरकं, डिंक बाहेर आलेलं, प्रमाणपत्र होतं.

ते पुन्हा काढायची आईने तयारी दाखवली, पण नखाने कोपरा उचलताच थांबली. "नाही जमायचं. डिंक घट्ट झालाय. आता ओढलं तर फाटेल. सफरचंदही जाईल बरोबर."

सफरचंदाचं नाव निघाल्यावर प्रश्नच मिटला. आईने मामाला फोन लावला. "स्क्रू ड्रायव्हर घेऊन ये," ती म्हणाली. "कपाटाचं दार काढायचंय."

रविवारी सकाळी आमची गाडी निघाली, टपावर जुनी गादी, गादीवर कपाटाचं दार, दारावर चादर, चादरीवर दोर. दातांचे डॉक्टर गॅलरीत उभे होते. "कुणाला नेताय?" त्यांनी विचारलं. मी चाळीसच्या वर गेले नाही. दार टपावर असल्यामुळे यात माझा मोठेपणा काही नाही.

ट्रॅकवर बाकीची मंडळी चाकांत हवा भरत होती, काचा पुसत होती. आम्ही दोर सोडून दार उतरवलं, तेव्हा सगळ्यांची कामं थांबली.

सेक्रेटरी निळी टोपी घालून पुढे आले. बाबांबद्दल फार चांगलं बोलले. मग म्हणाले, "चला, तपासणी," आणि निळी टोपी काढून खिशातली लाल टोपी घातली. क्लबात माणसं कमी, त्यामुळे तपासनीसही तेच. लाल टोपी घातल्याबरोबर त्यांचा आवाज बदलला. "स्टिकर?"

मामाने दार उघडं करून दाखवलं, म्हणजे नुसतं उलटं केलं.

तपासनीस दाराकडे बघत राहिले. "हे काय आहे?"

"स्टिकर," आई म्हणाली. "हे, सफरचंदाच्या शेजारचं."

"बाई, नियम असा आहे की स्टिकर हेल्मेटला चिकटलेलं असलं पाहिजे. दाराला चिकटलेल्या स्टिकरने फार तर दार पास होईल. तुमची मुलगी दार डोक्यावर घेऊन गाडी चालवणार असेल तर माझी हरकत नाही."

"तुम्ही जरा ती टोपी काढून बोला," आई म्हणाली.

त्यांनी लाल काढून निळी घातली. "मला मनापासून वाईट वाटतंय," ते मनापासून म्हणाले. पुन्हा लाल घातली. "पण नाही."

मी गाडीकडे बघितलं. पुन्हा नंबर लागायला किती वर्षं लागतील याचा हिशेब मनात सुरू झाला होता. तेवढ्यात आईने हेल्मेट उलटं करून त्यांच्या नाकाखाली धरलं. पट्ट्याच्या मुळाशी एक बारीक पट्टी शिवलेली होती. "इथेही नंबर आहे. ही पट्टीसुद्धा मी उसवायला बसले होते, तेवढ्यात दूध उतू गेलं. आता जुळतो का बघा."

तपासनीस गुडघ्यांवर बसले. एक डोळा पट्टीवर, एक दारावर. नंबर जुळत होता. मग त्यांनी स्टिकरला बोट लावलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे अख्खं कसं निघालं? हे निघूच नये असं बनवतात. काढायला गेलं की चिंध्या होतात."

"घाई केली की होतात," आई म्हणाली.

ते तसेच बसून दार वाचू लागले. "हा रेडिओ आमच्याकडेही होता," ते म्हणाले. "ही इस्त्री भयंकर. शॉक द्यायची."

"म्हणून तर तिच्याखाली दुसरी आहे," आई म्हणाली.

"आणि हे सफरचंद?"

"ते ह्यांनी लावलेलं शेवटचं."

त्यांनी लाल टोपी काढली आणि दुसरी घातली नाही. थोडा वेळ ते कुणीच नव्हते. मग नाक पुसून लाल टोपी घातली, हेल्मेट बाहेरून आतून चाचपलं, माझ्या डोक्यावर चढवलं आणि दोन्ही हातांनी धरून मला फिरवलं.

"ते मी केलंय," आई म्हणाली.

"मलाही करू द्या," तपासनीस म्हणाले. मी अख्खी फिरले. "नियमात 'चिकटलेलं' लिहिलंय खरं. पण लिहिताना आम्हाला तुमच्यासारखी माणसं माहीत नव्हती. एका अटीवर सोडतो. दार आवारातच राहील. हेल्मेट ट्रॅकवर असेपर्यंत दार इथून हलवायचं नाही."

आणि त्यांनी माझ्या हेल्मेटवर एक गोल हिरवं स्टिकर लावलं: तपासलं. आईचं नख आपोआप वर आलं.

"आई. आत्ता नाही."

मग मी बाबांच्या गाडीत बाबांच्या सीटवर बसले आणि ट्रॅकवर गेले. पहिली फेरी चाळीसने काढली. सगळे मला ओलांडून गेले. एक आजोबा ओलांडताना हात हलवून गेले. वळणावरचा माणूस 'मागच्यांना वाट द्या' असा निळा झेंडा दाखवून दाखवून दमला, शेवटी त्याने झेंड्याने वारा घेतला. दुसऱ्या फेरीत लांब सरळ रस्ता आला. दोन्ही बाजूंना गवत आणि समोर काहीच नाही. स्कूटर नाही, ट्रक नाही, रस्ता ओलांडणारं कुणी नाही. मी वाट बघितली. कुणी आलं नाही. मी पाय दाबला.

पन्नासला गाडी कुरकुरली. साठला आरसा थरथरू लागला. सत्तरला समोरचा कप्पा धाडकन उघडला आणि त्यातून बाबांच्या पेपरमिंटच्या गोळ्या, फडकं, टॉर्च आणि तीन पेनं माझ्या पायांशी पडली. सत्तर झाले की आमच्या गाडीचा कप्पा आपोआप उघडतो, हे बाबांना कधीच कळलं नाही. मी इतकी हसले की गाल चावून चावून लाल झाले. वरची भोकं उघडी होती, तरी आत धुकं धरलं, मग मी पुन्हा चाळीसवर आले आणि तशीच सावकाश परतले.

आई कुंपणाशी दार टेकवून त्याच्या सावलीत बसली होती, एक हात दारावर. मी हेल्मेट काढलं.

"कुणी आलं का समोरून?" तिने विचारलं.

"नाही."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "पेपरमिंटचा वास येतोय."

घरी आल्यावर मामाने दार बसवलं. त्याला सगळ्यातलं कळत असल्यामुळे ते उलटं बसलं, आणि सफरचंद आता सगळ्यात वर, डोळ्यांसमोर असतं. ते पुन्हा सरळ करायचं कुणाच्या मनात आलेलं नाही. आईने किटली ठेवली, वाफेवर हेल्मेट धरलं, नखाने हिरव्या स्टिकरचा कोपरा उचलला आणि श्वास रोखून ओढलं. अख्खं निघालं. तिने ते बोटाच्या टोकावर धरलं आणि क्षणभर कुठेच बघितलं नाही.

"अगं," तिने हाक मारली.

मी डिंकाची बाटली घेऊन गेले. स्टिकर तिच्या बोटावरून उचललं, दाराला लावलं, अंगठ्याने दाबलं आणि वर फुंकर घातली. बाबा घालायचे. फुंकर का घालायची, ते मला माहीत नाही.

हेल्मेट वाया गेलेलं नाही. आई ते घालून कांदे चिरते. तिला ते सैल होतं, पण त्यात डोळ्यांत पाणी येत नाही म्हणे. माझा अनुभव उलटा आहे. मी जाता जाता वरची भोकं उघडून देते.